गरम इंजन

मी मैना, पनवेलच्या कोळीवाड्यातली. वीस वर्षं बाजारात टोपली घेऊन बसते आणि वीस वर्षांत मला कुणी शिळी मासळी ताजी म्हणून विकलेली नाय. कल्ला उघडायचा, आत लाल हाय का बघायचं, मगच भावाला तोंड उघडायचं, ही माझी रीत. माणसाचा कल्ला उघडून बघता येत नाय, म्हणून त्याच्यावर जरा जास्त नजर ठेवते. लोक बोलतात, मैना संशयी हाय. बोलेनात का! त्यांच्या घरात कुजकी सुरमई शिजते, माझ्या घरात नाय.

ही गोष्ट छपन्न सालची. आमची होडी शिडाची, सासऱ्याच्या वेळची. वारा पडला की खाडीच्या मधोमध गप बसायची आणि माझा दादला बुधाजी वल्हं मारून मारून हैराण व्हायचा. तोवर इंजनाच्या होड्या फटफट करत बंदराला लागायच्या, त्यांची मासळी बर्फात जायची. आमची यायची तेव्हा गिऱ्हाईक घरी जाऊन जेवायला बसलेलं. दोन वर्षं असं चाललं. मग एक दिवस जेवताजेवता बुधाजी बोलला, "मैना, मी मुंबईला गोदीत जातो. माल उचलायला माणसं घेतात तिकडं."

माझा घास तोंडातच राहिला. माझा बाप असाच गोदीत गेला होता. पहिल्या वर्षी दर महिन्याला आला, दुसऱ्या वर्षी गौरीला आला, तिसऱ्या वर्षी कळलं की त्यानं माझगावला दुसरं घर केलं. माझी आई मरेपर्यंत बंदराकडं बघत बसायची. आता बुधाजी तसला नाय, देवमाणूस हाय. माझा संशय त्याच्यावर नव्हता, मुंबईवर होता.

"शिमग्यापर्यंत थांबा," मी बोलले. "आपण इंजनाची होडी घेऊ. माझ्या पाटल्या मोडा."

"पाटल्यांत इंजन येतंय होय गं?"

"नवं नाय येणार. जुनं येईल."

तो हसला, पण थांबला. शिमग्यापर्यंत होडी मिळाली नाय तर तो जाणार, हे दोघांनाबी ठाऊक होतं. मी त्या दिवसापासून बाजारात मासे कमी विकायला आणि चौकशा जास्त करायला लागले.

पौषात बातमी आली की गव्हाणचा विठू होडी विकतोय, इंजनासकट. किंमत ऐकली आणि माझ्या कपाळाला आठी पडली. तसल्या जुन्या होडीला लोक जे मागतात, त्याच्या निम्म्याला!

"देव पावला!" बुधाजी बोलला.

"देव एवढ्या स्वस्तात पावत नाय," मी बोलले. "खोट हाय त्यात. लाकूड किडलंय, नायतर चोरीची हाय, नायतर इंजन मेलंय."

बुधाजीचं काय, भोळा सांब तो. त्याला कुणी ही खाडी विकली असती तरी त्यानं घेतली असती. म्हणून मी उलव्याच्या दाजीला सोबत घ्यायला लावलं. दाजी म्हातारा झाला होता, पण मोरा बंदराच्या लाँचवर बारा वर्षं इंजन चालवलेला माणूस. ते दोघं आमच्या होडीतून गेले आणि मी रस्त्यानं चालत गेले. कारण आमच्यात मासे धरायला जाणाऱ्या होडीवर बाई चढत नाय. नारळी पुनवेला होडीच्या नाळेला, तिच्या तोंडाला, हळदकुंकू लावायचं, नारळ द्यायचा, तोबी चिखलात उभं राहून. माझी सासू बोलायची, बाईचा पाय लागला की जाळं रिकामं येतं. तिनं मला कधी होडीच्या दोरीला हात लावू दिला नाय. लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती, आमच्या होडीच्या आत काय हाय ते मी लांबूनच बघितलेलं.

विठूची होडी बंदरात नव्हती. त्याच्या घरामागं तिवरांच्या झाडीआड पाण्याची एक अरुंद खाच होती, तिथं बांधलेली. लपवून ठेवल्यागत. मी मनात बोलले, एक. विठू काठावर उभा होता, पंचेचाळिशीचा गडी. उजव्या खांद्यावरून पंचा सोडलेला, हात त्याच्या आत. मी बोलले, दोन. पंच्याखाली बाटली असणार. आणि इंजन आम्ही जायच्या आधीपासूनच चालू, भकभक धूर सोडत.

"आताच खाडीत फेरी मारून आलो," विठू बोलला.

होडीच्या कडेचा चिखल वाळलेला होता. फेरी मारून आलेली होडी अशी असते का हो? दाजी आणि बुधाजी आत चढले, फळ्या ठोकून बघितल्या, इंजनाला कान लावला. मी चिखलात उभी.

"विकता कशाला?" मी विचारलं.

"मूलबाळ नाय. वय झालं."

वय झालं म्हणे! माझ्या दादल्याहून चार वर्षांनी मोठा असेल. मागं दारात त्याची बायको उभी होती, चंद्रावती. पदराखाली हात घेऊन, एक शब्द बोलायची नाय. आम्हाला चहा दिला तो पण विठूनंच आणला, डाव्या हातानं, अर्धा सांडत. बायको असून नवरा चहा आणतो, ते माझ्या डोक्यात राहिलं.

"विठूभाऊ," मी बोलले, "इंजन बंद करा. आणि परत चालू करून दाखवा."

त्यानं बायकोकडं बघितलं. "चालू हाय ते बंद कशाला करायचं, वहिनी? ओहोटी लागेल आता, होडी बसेल चिखलात."

आठ दिवसांनी परत गेलो, आधी निरोप धाडून. परत तेच! आम्ही पोचायच्या आधी इंजन चालू. मी पाण्यात गुडघाभर शिरले आणि बाजूनं बाहेर आलेल्या धुराच्या नळीजवळ हात नेला. चांगलीच तापलेली. परत मी बोलले, बंद करून दाखवा, आणि परत विठूला भरती-ओहोटी आठवली.

निघताना काठावर दाजी बुधाजीला बोलला, "लाकूड एक नंबर हाय. इंजनाचा आवाज झकास हाय. फक्त गारठलेलं असताना उठतं का, तेवढं मला सांगता येणार नाय."

झालं! बुधाजीनं पहिलं तेवढंच ऐकलं, मी शेवटचं तेवढंच ऐकलं. गार इंजन उठत नाय, म्हणून हा गिऱ्हाईक यायच्या आधी पहाटेपासून चार माणसं लावून ते उठवतो आणि तापवून ठेवतो. आमच्या बायकासुद्धा शिळ्या माशावर पाणी मारून ठेवतात, मला काय नवीन? बुधाजीला सांगितलं तर तो बोलला, "तू दाजीवर पण संशय घेशील."

"घेतलाच हाय," मी बोलले. "तो दोन कप चहा प्याला तिथं."

बयाण्याचा दिवस ठरला. त्या दिवशी दुपारी गव्हाणच्या काशिरामसमोर पानसुपारी ठेवायची, नारळ फोडायचा, की सौदा पक्का. काशिराम तिथल्या पंचांतला म्हातारा. त्याच्यापुढं झालेला सौदा सहसा कुणी मोडत नसे. एकदा माझ्या पाटल्या गेल्या की गेल्या. म्हणून मी त्या दिवशी पहाटे कुणाला न सांगता निघाले. थंडी मरणाची. गव्हाणला पोचले तेव्हा सूर्य नुकता वर येत होता. मी तिवरांमागं जाऊन बसले. डासांनी फोडून काढलं, पण हलले नाय.

थोड्या वेळानं विठू आला. पंचा काढलेला. तेव्हा मी त्याचा उजवा हात बघितला. मनगटाच्या वर हाड वाकडंतिकडं जुळलेलं, बोटं आखडलेली. बाटलीबिटली काही नव्हती. इंजनाचं हँडल उलटं फिरून हात मोडतो, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं. त्याचा तसाच मोडलेला.

त्याच्या मागून चंद्रावती आली. लुगडं खोचून तिनं सरळ होडीत पाय टाकला. इकडंतिकडं बघितलंसुद्धा नाय. विठूनं डाव्या हातानं इंजनाचा खटका वर धरला, आणि तिनं दोन्ही हातांनी हँडल धरून फिरवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा विठूनं खटका सोडला आणि गारठलेलं इंजन धडधडत उठलं.

इंजन चांगलं होतं! तिसऱ्या फेरीला उठणारं, बाईच्या हातानं उठणारं इंजन. होडी चांगली, इंजन चांगलं, किंमत निम्मी. मी तिथंच उठून नाचायला पायजे होतं. पण मला राग आला. असा राग आला की कानशिलं तापली. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हा राग फसवल्याचा हाय. बाईचा पाय लागलेली होडी आमच्या गळ्यात मारत होते, चोर कुठले! आज खरं सांगते. ती चढली होती आणि मी अठरा वर्षं चिखलात उभी होते, त्याचा तो राग होता.

बुधाजीला एकट्याला सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी नाय सांगितलं. तो दाजीला घेऊन दुपारी आला तेव्हा मी विठूच्या ओट्याजवळ गप उभी राहिले. काशिराम बसला, गव्हाणची दहाबारा माणसं जमली, उरणहून आलेलं आणखी एक गिऱ्हाईक पण बघायला थांबलं. बुधाजीनं बयाणा पुढं केला. काशिरामनं विचारलं, "विठू, होडीत काही लपवलेलं नाय ना?"

"नाय," विठू बोलला.

"नाय कसं!" मी ओरडले. दारात चंद्रावती होती. मी तिचं मनगट धरलं, ओढत पुढं आणलं आणि तिचा तळवा सगळ्यांसमोर उघडा केला. लाल घट्टे, फुटलेले फोड, नखांत काळं तेल. "बघा! ही बाई होडीवर चढते. इंजन ही चालू करते. आणि आमाला बोलतो, फेरी मारून आलो!"

चंद्रावतीनं हात सोडवून घेतला नाय, मीच सोडला. काशिरामनं पुढ्यातली पानसुपारी उचलली आणि कनवटीला लावली, म्हणजे सौदा मोडला. उरणचं गिऱ्हाईक चपला शोधायला लागलं. मी बुधाजीकडं बघितलं, वाटलं तो बोलेल, वाचवलंस गं बाई. तो जमिनीकडं बघत होता.

आठ दिवसांत ही गोष्ट गव्हाण, जासई, न्हावा सगळीकडं झाली. विठूच्या होडीकडं कोळ्याचं कुत्रं फिरकेना. मग दाजीकडून कळलं की विठू आता पहिल्याच्याही निम्म्यात द्यायला तयार हाय. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. मी धावत घरी आले.

"ऐकलंत का? निम्म्यात देतोय! नारळ फोडू, शांत करून घेऊ, सत्यनारायण घालू. घ्या!"

बुधाजी जाळं झटकत होता. "बंदरावर लोक काय बोलतात ते ऐकलंस?"

"काय बोलतात?"

"मैनानं भाव पाडायला बोंब मारली, असं बोलतात."

"कोण बोलतो? जीभ हासडून ठेवीन!"

"सगळेच बोलतात. आणि आता मी ती निम्म्यात घेतली तर ते खरं होईल. मी नाय घेणार." एवढा वेळ मऊ बोलणारा माणूस, पण शेवटचं वाक्य तो कडक बोलला. रात्रभर डोळ्याला डोळा नाय. जन्मभर दुसऱ्याचा कल्ला उघडला, आणि आता सगळी खाडी माझा उघडून बघत होती. खरं कुणाला पटवणार? मी स्वतः बाहेरून बघितलं असतं तर मला पण तसंच वाटलं असतं.

सकाळी पाटल्या मोडून आलेले पैसे, पहिल्या ठरलेल्या किमतीएवढे, पूर्ण, फडक्यात बांधले आणि गव्हाणला गेले. चंद्रावती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी फडकं तिच्या पुढ्यात ठेवलं.

"पहिली किंमत हाय. पुरी. होडी आमाला दे."

तिनं फडक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तुला देणार नाय."

"अगं, कुणी घेत नाय तुझी होडी!"

"चिखलात कुजू दे. तुला देणार नाय." आणि ती परत तांदूळ निवडायला लागली.

मी तिला भांडले पण. माझं तोंड मला ठाऊक हाय, ते गप बसत नाय. "एवढा ताठा! पैसे घेऊन दारात आले तर लाथ मारतेस," असं काय काय बोलले. तिनं मान वर केली नाय. वाटभर मी तिला शिव्या देत आले आणि पनवेलच्या वेशीत आल्यावर रडले.

शिमग्याला दोन दिवस राहिले. बुधाजीनं शिडाची होडी चुलतभावाला दिली आणि कपड्यांचं बोचकं बांधलं. मला समजावत होता, दर महिन्याला येईन, पत्र लिहून घेईन कुणाकडून. मी हो हो करत होते. माझा बाप पण हेच बोलला होता, आणि ते बोलला तेव्हा तोसुद्धा खरंच बोलत होता.

तेवढ्यात अंगणात कुणीतरी आलं. बघते तर चंद्रावती. चालत आलेली, पायांवर धूळ.

"पाणी देऊ?" मी बोलले.

"नको. काम हाय." ती उभीच राहिली. "आमी होडीत बाकं ठोकलीत. मासे धरायची नाय आता. टोपलीवाल्या बायकांना गव्हाण-न्हाव्याहून पनवेल बंदराला आणायची. माणसं न्यायच्या होडीवर बाई चढली तर कुणाचं काय जात नाय. इंजन मी चालू करीन. सुकाणूला माणूस पायजे. तुझा दादला दे."

माझ्या अंगात परत तीच मैना उभी राहिली. "आमचाच का? गव्हाणात गडी नायत?"

"हायत. माझ्या हाताखाली बसायला तयार नायत."

"मग आमचा बसेल असं कशावरनं?"

"त्या दिवशी सगळे माझा हात बघत होते," चंद्रावती बोलली. "तुझा दादला जाताना माझ्या नवऱ्याजवळ थांबला. हात अजून दुखतो का, विचारून गेला. एवढ्या माणसांत तेवढा एकच."

मला हे ठाऊक नव्हतं. बुधाजी घरी येऊन बोलला नव्हता. तरी विचारायचं ते विचारलं. वाटा किती, येणार कधी, पावसाळ्यात काय, विठू कुठं बसणार. तिनं एकेकाचं सरळ उत्तर दिलं. मग मला राहवेना.

"माझ्यावर राग हाय का तुझा?"

"हाय."

"मग माझ्या घरातला माणूस कशाला..."

"राग तुझ्यावर हाय. त्याच्यावर नाय. आणि माझं पोट रागानं भरत नाय. तू पैसे घेऊन आलीस. पुरे घेऊन आलीस, कबूल. पण चुकलं माझं, असं बोलली नायस."

खरंच बोलले नव्हते. भांडले, रडले, पाटल्या मोडल्या, सगळं केलं, तेवढंच केलं नव्हतं. ते दोन शब्द तोंडातून काढायला मला किती वेळ लागला, ती उभी राहून बघत होती.

"चुकलं माझं, चंद्रा."

"हं," ती बोलली. "बोललीस म्हणून राग गेला असं समजू नको."

"नाय समजत."

"उद्या सकाळी अकराला भरती हाय. पाठव त्याला." आणि ती आली तशी चालत गेली.

मी आत गेले. बुधाजी भिंतीला टेकून बसला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. मी बोचक्याजवळ बसले आणि गाठ सोडायला घेतली. त्यानं ती इतकी घट्ट मारलेली की माझ्या बोटांना सुटेना. शेवटी मी कोयती घेतली आणि कापली.